‘हे वचन कठीण आहे’: कोल्हापुरातून वारंवार येणारे प्रश्न

दर गुरुवारी संध्याकाळी शाहूपुरीत आमच्या घरी दहा-बारा जण शास्त्रपाठाला, म्हणजे बायबल वाचायला बसतात. मी धर्मगुरू नाही. ३४ वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि जवळपास तितकीच वर्षं चर्चची शब्बाथ शाळा (रविवारची धर्मशाळा) घेतली, म्हणून सगळे मला ‘बाई’ म्हणतात. वर्गात न विचारलेले प्रश्न नंतर येतात: जिना उतरताना, रात्री अकराला आवाजी निरोपातून, कुणाच्या तरी मातीहून परतताना. तेच ते प्रश्न पुन्हा येतात, म्हणून ते इथे उतरवले. विचारणाऱ्यांच्या भाषेला शक्यतो हात लावलेला नाही. ओळख पटेल असे तपशील मात्र काढून टाकले आहेत.

१. कठीण शिकवण म्हणजे नेमकी कोणती? मला तर सगळंच कठीण वाटतं.

वेगवेगळ्या अडचणींना आपण एकच नाव देऊन बसतो. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे समजत नाही. नरकाविषयीचं बोलणं समजतं, पण पटत नाही. आणि ‘शत्रूंवर प्रीती करा’ हे समजतं, पटतं, फक्त झेपत नाही. प्रश्न घेऊन येण्याआधी आपला यातला कोणता हे शोधा. एक गृहस्थ चार आठवडे माझ्याशी देवाच्या पूर्वनियोजनावर, म्हणजे कोण तारला जाणार हे देवानं आधीच ठरवलंय का यावर, वाद घालत होते. पाचव्या आठवड्यात कळलं की मुलीनं मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून सहा वर्षं त्यांनी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. वाद खोटा नव्हता, पण दुखणं दुसरीकडे होतं.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायात येशूचे कितीतरी शिष्य ‘हे वचन कठीण आहे’ म्हणत माघारी गेले. येशूनं त्यांना थांबवायला वचन सोपं केलं नाही. त्यानं जवळच्या बारा शिष्यांना विचारलं, तुम्हीही जाता का? तेव्हा पेत्र ‘आम्हाला समजलं’ असं म्हणाला नाही. आम्ही जायचं तरी कोणाकडे, असं म्हणाला. खालची बहुतेक उत्तरं मी त्या एका वाक्याच्या आधारानं देते.

२. शंका येते म्हणजे माझा विश्वास गेला का?

नाही. येशूचा शिष्य थोमा याची गोष्ट आपण ‘शंकेखोर’ म्हणून सांगतो आणि तिच्यातले आठ दिवस विसरतो. इतरांनी मेलेल्यांतून उठलेल्या प्रभूला पाहिलं, थोमानं पाहिलं नव्हतं, आणि पाहिल्याशिवाय मानणार नाही असं त्यानं तोंडावर सांगितलं. आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात जमले तेव्हा तो त्यांच्यातच होता. तो निघून गेला नाही आणि इतरांनी त्याला बाहेर काढलं नाही. प्रभू भेटला तो त्या खोलीतच.

मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात अकरा शिष्य पुनरुत्थित येशूला नमन करतात, तिथेही काहींना संशय वाटला असं लिहिलंय. नमन आणि संशय एकाच ओळीत आहेत. आणि यहूदाच्या छोट्याशा पत्रात संशयात असलेल्यांवर दया करा असं सांगितलंय, हे आपल्या मंडळ्यांनी (चर्चनी) भिंतीवर लिहून ठेवावं असं मला मनापासून वाटतं. शंकेमुळे प्रार्थनाच बंद पडली असेल तर प्रश्न १६ पाहा.

३. पाळकांना विचारलं की ‘प्रार्थना वाढवा’ एवढंच म्हणतात. मग विचारायचं कुणाला?

सोळाव्या वर्षी मी शब्बाथ शाळेत एक प्रश्न विचारला होता. ‘असले प्रश्न सैतान डोक्यात घालतो’ असं उत्तर मिळालं. पुढची वीस वर्षं मी कुणाला काही विचारलं नाही, म्हणून याबद्दल कळकळीनं लिहिते.

पाळकांना रविवारी उपासना संपल्यावर दारात गाठू नका. त्यांच्या डोक्यात तेव्हा आजारी माणसांच्या भेटी आणि दुपारची बैठक असते. वेळ मागून घ्या, कोणता अध्याय, कोणतं वचन अडतंय ते कागदावर लिहून न्या. नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळण्याची शक्यता खूप वाढते. तरीही टाळलं गेलं, तर मंडळीतल्या ज्या वडीलधाऱ्यांनी आयुष्यात काही सोसलंय त्यांच्याकडे जा. आमच्याकडे रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा आहेत. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत. पण निर्दोष असून सगळं गमावलेल्या ईयोबाचं पुस्तक त्यांच्याइतकं कुणी मला उलगडून दाखवलं नाही. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र असा प्रश्न टाकू नये. तिथे पहिली पाच उत्तरं हात जोडलेल्या चित्रांची येतात आणि सहाव्याला भांडण लागतं.

४. त्रैक्य समजत नाही. शेजारच्या काकू म्हणतात, ‘आमच्या दत्तासारखंच की!’ काय सांगू?

काकूंचं मन आधी ओळखा. पौर्णिमेला नृसिंहवाडीला जाणाऱ्या बाईला तीन मुखांची मूर्ती आठवणारच. त्या आपल्याजवळचं सगळ्यात मोलाचं उदाहरण तुम्हाला देताहेत, तेव्हा हसू नका आणि वादही घालू नका.

पण ‘हो, तसंच’ असंही म्हणू नका, कारण ते खरं नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे एकत्र आलेले तीन देव नव्हेत आणि एकाच देवाची तीन सोंगंही नव्हेत. शब्बाथ शाळेत आपण पाणी, बर्फ आणि वाफेचं उदाहरण देतो, मीही कित्येक वर्षं दिलं. ते चुकीचं आहे. त्यातून एकच वस्तू रूपं बदलते असा अर्थ निघतो, आणि येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी यार्देन नदीवर तर पुत्र पाण्यात उभा होता, आत्मा उतरत होता आणि पित्याची वाणी ऐकू येत होती, सगळं एकाच वेळी. मंडळीनं ही शिकवण नीट शब्दांत बांधली ती इ.स. ३२५ ची नीकिया परिषद आणि ३८१ ची कॉन्स्टँटिनोपल परिषद या दोन्हींच्या मधल्या वादावादीतून. विद्वानांना अर्धशतक पुरलं नाही, मग दोन रविवारांत तुम्हाला उलगडलं नाही तर स्वतःला दोष कशाला?

आपल्याच मराठी माणसांतलं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर तिथल्या मठातल्या ज्या सिस्टर जेराल्डिननं त्यांना विश्वासात वाट दाखवली, तिच्याशीच त्या पत्रांतून त्रैक्यावर आणि चर्चच्या अधिकारावर तावातावानं वाद घालत राहिल्या. दुसऱ्याची समजूत स्वतःची म्हणून मिरवायला त्यांनी साफ नकार दिला. पण ख्रिस्ताला सोडलं नाही आणि शास्त्रही मिटून ठेवलं नाही. आयुष्याच्या शेवटी केडगावला बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं.

काकूंना मी एवढं सांगते: आम्ही एकाच देवाला मानतो, तो कसा आहे हे आम्हाला येशूत दिसलं, आणि ते ओळखायची बुद्धी त्याचा आत्मा देतो. याहून जास्त मला उलगडून सांगता येत नाही. काकू मान डोलावतात आणि चहा टाकतात.

५. २०१९ च्या महापुरात आमचं सगळं गेलं. एक प्रार्थनावाले घरी येऊन म्हणाले, ‘घरात काही पाप असेल, शोधा.’ खरंच तसं असतं का?

त्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. शिरोलीजवळ महामार्ग कितीतरी दिवस पाण्याखाली होता, आणि आंबेवाडी-चिखलीची माणसं होड्यांतून बाहेर काढावी लागली. तेवढ्या सगळ्या गावांनी वेगळं असं कोणतं पाप केलं होतं?

येशूपुढेही हाच प्रश्न आलेला आहे. लूकाच्या १३ व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांची गोष्ट निघते. ते इतरांपेक्षा जास्त अपराधी होते का? येशू स्वच्छ ‘नाही’ म्हणतो. पुढे तो ऐकणाऱ्यांना पश्चात्ताप करायला सांगतो हेही खरं, पण ते वाचलेल्यांना सांगतो. मेलेल्यांचा हिशेब तो मांडत नाही. तुमच्या घरी आलेल्या त्या माणसानं बरोबर उलटं केलं.

ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून होते. तेवढंच त्यांनी बरोबर केलं. मग ते बोलू लागले, कारणं देऊ लागले, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावर रागावतो: माझ्याविषयी तुम्ही ईयोबासारखं नीट बोलला नाहीत. देवाला तोंडावर जाब विचारणारा ईयोब नीट बोलला, आणि देवाची बाजू घेणारे मित्र नाही! हे वाचून मी पहिल्यांदा थक्क झाले होते, अजूनही होते.

पाणी ओसरल्यावर मी घरी आले तेव्हा ट्रंकेतलं आईचं शास्त्र फुगून दुप्पट जाड झालं होतं. पानं चिकटलेली, मधे बारीक तपकिरी गाळ. गच्चीत बाजेवर ठेवून, दर थोड्या पानांनी वर्तमानपत्राची घडी घालून मी ते वाळवलं. कडेची पानं दोन दिवसांत सुटली. मधली, म्हणजे स्तोत्रांची, सगळ्यात शेवटी. ८८ वं स्तोत्र त्या दिवसांत मी पुन्हा पुन्हा वाचलं. ते अंधारातच संपतं, शेवटच्या ओळीतही उजेड येत नाही, आणि तरी ते शास्त्रात आहे. म्हणजे अंधारात संपणारी प्रार्थनाही देवानं आपल्या पुस्तकात ठेवून घेतली.

पूररेषेच्या आत घरं कशी बांधली गेली, धरणांतून पाणी केव्हा सोडलं, याचे जाब माणसांनी द्यायचे आहेत. ते देवाच्या माथी मारून माणसांना मोकळं सोडू नये.

६. सख्ख्या भावानं वाटणीत फसवलं. क्षमा करायची म्हणजे कोर्टातला दावा मागे घ्यायचा का?

माझ्या घरीही हेच घडलं आहे, म्हणून पुस्तकी उत्तर देत नाही.

क्षमा म्हणजे सूड सोडणं. झालेला अन्याय अन्याय नव्हता असं म्हणणं नव्हे. हिस्सा मागणं हा सूड नाही. तरीही प्रेषित पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ६ व्या अध्यायात भावाभावांच्या कज्ज्यांबद्दल फार कडक बोलतो: त्यापेक्षा तुम्ही अन्याय का सोसत नाही? हे वचन मला गिळता येत नव्हतं आणि थुंकताही येत नव्हतं. आधी मंडळीतल्या दोन वडिलांना मधे घाला, आपल्यातच सुटतंय का पाहा, एवढं तर त्यातून नक्की निघतं. मी तसं केलं. सुटलं नाही. दावा चालू ठेवला.

पण त्याच्या नावानं बोटं मोडणं थांबवायला मला नऊ वर्षं लागली. रोज सकाळी प्रार्थनेत त्याचं नाव घ्यायचं, पुढे काही मागायचं नाही, एवढंच ठरवलं होतं. पहिली दोन वर्षं दातओठ खाऊनच नाव घेतलं. ‘सत्तर वेळा सात’ हे चारशे नव्वद वेगवेगळ्या अपराधांसाठी असेल असं मी समजत होते. एकाच अपराधासाठी ते आकडे कमी पडतात हे तेव्हा कळलं. जिथे मारहाण चालू आहे तिथे हे उत्तर लावू नका. त्यासाठी पुढचा प्रश्न आहे.

७. नवरा पिऊन मारतो. घरचे आणि मंडळीतले म्हणतात, ‘पत्नीनं अधीन असावं, वधस्तंभ समजून सोस.’

ताई, आधी सुरक्षित जागी जा. शास्त्राची चर्चा त्यानंतर. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ चा आहे, त्याखाली संरक्षणाचा आदेश आणि राहत्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो.

आता वचन. इफिसकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायात २२ वं वचन दाखवणारे २१ वं वाचत नाहीत, तिथे एकमेकांच्या अधीन व्हा असं आहे. आणि २५ व्या वचनात नवऱ्याला सांगितलंय की ख्रिस्तानं मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी बायकोवर प्रीती कर. जो हात उगारतो त्यानं ते वचन आधी मोडलेलं आहे. येशूनं वधस्तंभ स्वतःहून उचलला. दुसऱ्याच्या पाठीवर लादलेल्या माराला वधस्तंभ म्हणणं हा त्या शब्दाचा अपमान आहे. नासरेथात लोक त्याला कड्यावरून ढकलायला निघाले तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला, हेही लूकानं लिहून ठेवलंय.

८. घटस्फोट झाला तर मी ख्रिस्ती राहते का? प्रभुभोजन मिळेल का?

राहता. बाप्तिस्मा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं पुसला जात नाही. मत्तयाच्या १९ व्या अध्यायात येशू विवाह मोडण्याविरुद्ध कठोर बोलतो. ते मी सौम्य करून सांगणार नाही. व्यभिचाराचा अपवाद तिथेच आहे, आणि विश्वास न धरणारा जोडीदार सोडून गेला तर दुसऱ्यावर बंधन नाही असं पौल म्हणतो. प्रभुभोजनाबद्दल आणि पुनर्विवाहाबद्दल मंडळ्यांचे नियम वेगळे आहेत. कॅथलिक चर्च घटस्फोटानंतरचा दुसरा विवाह मान्य करत नाही, पण पहिला विवाह मुळातच वैध होता का हे चर्चच्या न्यायासनापुढे तपासता येतं. प्रॉटेस्टंट पाळक बहुधा प्रत्येक प्रकरण वेगळं पाहतात. कायद्यात २००१ पर्यंत ख्रिस्ती बाईला नवऱ्याचा नुसता व्यभिचार सिद्ध करून भागत नसे, जोडीला क्रूरता किंवा परित्याग असं आणखी काही दाखवावं लागे. १८६९ च्या त्या कायद्यात त्या वर्षी दुरुस्ती झाली आणि परस्परसंमतीनंही घटस्फोट मिळू लागला.

९. शेजारी प्रसाद देतात, गणपतीत आरतीला बोलावतात, वर्गणी मागतात. कुठपर्यंत चालतं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. कोल्हापुरात राहायचं म्हणजे नवरात्र, त्र्यंबोलीची यात्रा, जोतिबाचा गुलाल आपल्या दारावरून जाणारच. आपण इथलेच आहोत. आपल्या आजोळच्या आठवणींतही हे आहे.

पौलाच्या करिंथ शहरात हेच होतं, म्हणून त्यानं पहिल्या पत्राचे ८ ते १० हे तीन अध्याय यावर खर्च केले. बाजारात विकतात ते चौकशी न करता खा, असं तो म्हणतो. कुणी जेवायला बोलावलं तर समोर वाढतील ते खा. पण ‘हे देवाला दाखवलेलं आहे’ असं सांगून दिलं तर सांगणाऱ्यासाठी आणि विवेकासाठी खाऊ नका. पूजेच्या भोजनात सहभागी होऊन प्रभूच्या मेजावरही बसू नका, हेही तो बजावतो. मूर्ती काहीच नाही म्हणून खुशाल खाणाऱ्यांना तो म्हणतो, तुझं ज्ञान बरोबर असेल, पण त्यानं तुझा दुबळा भाऊ पडतोय.

मी काय करते ते सांगते. वरच्या मजल्यावरच्या वहिनी अंबाबाईहून आल्या की पेढा आणायच्या. दोन बोटांत धरलेला पेढा, चेहऱ्यावर दर्शनाचा आनंद, आणि मी दारात अवघडलेली. एकदा धीर करून म्हटलं, ‘वहिनी, तुमचं प्रेम मी घेते, पण देवापुढे ठेवलेलं आम्ही खात नाही. रागावू नका.’ त्या काही बोलल्या नाहीत. मला रात्रभर झोप नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा आल्या, हातात वेगळा पुडा. ‘हा दाखवायच्या आधीच काढून ठेवलाय तुमच्यासाठी.’ त्याला आता बावीस वर्षं झाली, अजून तसाच काढून ठेवतात. आणि नाताळात आमची करंजी पहिली त्यांच्या घरी जाते.

आरतीच्या वेळी मी उभी राहते, ओवाळत नाही. वर्गणी मंडळाच्या रक्तदान शिबिराला, वह्यावाटपाला देते. आमच्याच मंडळीतली काही घरं पेढा प्रार्थना करून खातात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. रोमकरांस पत्राचा १४ वा अध्याय त्यासाठीच आहे. मात्र नुकताच विश्वासात आलेला एखादा भाऊ बरोबर असेल, ज्याच्यासाठी तो पेढा म्हणजे कालपर्यंतची पूजा होती, तर त्याच्यासमोर कुणीच खाऊ नये.

१०. पण सासूबाई हिंदू आहेत, गुडघ्यांनी अधू. त्यांना धरून देवळात न्यायला घरात मीच आहे. नेऊ का?

न्या. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा ५ वा अध्याय उघडा. अरामी सेनापती नामान बरा झाला, इस्राएलाच्या देवावर त्याचा विश्वास बसला, आणि जाताना त्यानं अलीशाला एक अडचण सांगितली: माझा राजा रिम्मोनाच्या देवळात नमन करतो तेव्हा माझ्या हातावर टेकतो, मलाही वाकावं लागतं, तेवढ्याची परमेश्वर मला क्षमा करो. अलीशानं व्याख्यान दिलं नाही. ‘शांतीनं जा’ म्हणाला.

महाद्वारातून आत जाताना तुमच्या हातावर भार असतो तो सासूबाईंचा. कुणाला काय वाटेल याची चिंता करू नका. तुम्हाला स्वतःला हात जोडायला सांगितलं तर आदरानं नाही म्हणा. ओटी भरायचा आग्रह झाला तर ताट त्यांच्या हातात द्या. नामानानं क्षमा मागितली होती हेही विसरू नका. त्याला त्यातली ओढाताण जाणवत होती, तुम्हाला जाणवते तशीच.

११. मला बाप्तिस्मा घ्यायचाय, आई म्हणते ‘मी जीव देईन’. ‘आईबापाचा द्वेष करा’ असं येशू म्हणाला ना?

लूकाच्या १४ व्या अध्यायातला तो शब्द आपल्या कानांना तापलेल्या सळईसारखा लागतो. त्या भाषेत ‘द्वेष’ हा तुलनेचा शब्द आहे. मत्तय तेच ‘माझ्यापेक्षा जास्त प्रीती’ असं मांडतो. आणि आईबापाचा मान राख ही आज्ञा येशूनं रद्द केली नाही. वधस्तंभावरून त्यानं आईची सोय लावली.

घाई नको. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई कोसळल्या, वेगळ्या राहिल्या. पुढे पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी नवऱ्याच्या मागून आपोआप पाऊल टाकलं नाही. सोवळं-ओवळं, जात हे सगळं मनाशी निवडून निवडून, १९०० मध्ये त्या स्वतःच्या पायांनी आल्या. तुमच्या आईलाही वर्षं लागतील. तोवर तिच्या दवाखान्याच्या फेऱ्या तुम्हीच करा. वय अठराच्या आत असेल तर मी थांबायलाच सांगते. आणि आईच्या बोलण्यात खरोखर जिवाचा धोका दिसत असेल तर तिला एकटं न ठेवता डॉक्टरांची मदत आधी घ्या.

जमिनीबद्दल हमखास विचारतात: धर्म बदलला म्हणून तुमचा स्वतःचा वारसाहक्क जात नाही, तसा कायदा १८५० पासून आहे. मात्र धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांकडून वारसा मिळत नाही, अपवाद वारसा उघडतेवेळी ती मुलं हिंदू असतील तर. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचं २६ वं कलम वकिलाकडून समजून घ्या.

१२. दाखल्यावर हिंदू, रविवारी चर्चमध्ये. हे खोटं बोलणं आहे का?

१९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना मिळाला, १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती दलितांना नाही. वस्तीत राहणं तेच, लोकांच्या नजरा त्याच, पण बाप्तिस्मा घेतला की कागदावरून जात गेली असं धरलं जातं. हे मला अन्याय्य वाटतं आणि ते बदलावं म्हणून उघडपणे मागणी करत राहिलं पाहिजे.

तरी प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आहे. शपथेवर जे लिहितो ते खरं असावं. मुलाच्या फीसाठी ख्रिस्ताचं नाव झाकून ठेवावं लागणं हे पोटात तुटणारं दुःख आहे, आणि ज्यांनी ते झाकलं त्यांच्याकडे बोट दाखवायचा अधिकार सुखवस्तू ख्रिस्ती घरांना नाही. त्यातही सोयरीक जुळवताना ‘मूळचे कोण?’ विचारणाऱ्यांना तर नाहीच नाही. मंडळीनं अशा घराला विचारावं: तुम्ही खरं लिहायचं ठरवलंत तर मुलाच्या शिक्षणाचा भार आम्ही किती उचलू? हे विचारलं जात नाही तोवर नुसता उपदेश करू नये.

१३. माझी आजी येशूचं नावही न ऐकता गेली. ती नरकात आहे का?

हा प्रश्न विचारताना बहुतेकांचा आवाज बसतो. अब्राहामानं देवालाच विचारलं होतं, सर्व जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही काय? तुमच्या आजीला मी ओळखत नाही, तो ओळखतो, आणि तुमच्यापेक्षा जास्त प्रेमानं. मोशेचं नियमशास्त्र न मिळालेल्यांच्या अंतःकरणावर ते लिहिलेलं असतं, असं पौल रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात म्हणतो. स्वतःच्या दोषाशिवाय सुवार्ता न कळलेले पण मनापासून देवाला शोधणारे तारण पावू शकतात, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ मध्ये शिकवलं. काही प्रॉटेस्टंट मंडळ्या इतकं मान्य करत नाहीत. नरकाविषयी सगळ्यात जास्त येशूच बोलला आहे, म्हणून मी तो विषय पुसून टाकत नाही. पण तो बहुतेक वेळा स्वतःला नीतिमान समजणाऱ्यांना ऐकवत होता. नातवंडांना आजीबद्दल भीती घालायला नव्हे.

१४. यहोशवाच्या पुस्तकात मुलाबाळांसकट संहार आहे. हा तोच प्रेमळ देव?

याचं समाधान करणारं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. त्या काळच्या युद्धवर्णनांत अतिशयोक्ती असे, असं काही अभ्यासक सांगतात. त्याच पुस्तकात कनानी राहाब वाचते आणि पुढे येशूच्या वंशावळीत येते, हेही खरं. माझ्यापुरतं मी येशूपासून मागे वाचत जाते: ज्यानं पेत्राला तलवार म्यान करायला लावली, त्याच्या प्रकाशात. पुस्तक फाडत नाही, आणि त्याचा आधार घेऊन आज कुणावर हात उगारणाऱ्याला होकार देत नाही.

१५. उसाचं बिल आलं की सोसायटी कर्ज कापून घेते. दशांश बिलावर द्यायचा की हातात आलेल्या रकमेवर?

हातात आलेल्यावर द्या, आनंदानं द्या. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या ९ व्या अध्यायात मनात ठरवल्याप्रमाणे द्या, कुरकुरत किंवा बळजबरीनं नको, असं आहे. दशांश दिला की दुप्पट पीक येतं असं कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून दूर राहा. आणि ऊसतोड मजुरांचे पैसे बाकी असतील तर ते आधी चुकवा. कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी देवापर्यंत ओरडत जाते, हे याकोबानं लिहिलंय.

१६. प्रार्थनाच होत नाही. तोंडात शब्द येत नाहीत. अशा अवस्थेत चर्चला यावं की ढोंग होईल?

या. ते ढोंग नाही. ३२५ मध्ये नीकियात विश्वासाचे शब्द ठरले तेव्हा ते ‘आम्ही’ने सुरू होत होते. ज्या रविवारी तुमच्याच्यानं एक ओळ म्हणवत नाही, त्या रविवारी शेजारचा ती म्हणत असतो. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी छपरातून खाली सोडलं, आणि येशूनं त्यांचा विश्वास पाहिला असं मार्क लिहितो. पेत्राची सासू, याईराची मुलगी, सगळ्यांसाठी दुसरंच कुणीतरी विनवत होतं.

मागच्या बाकावर बसा. भजन चालू असताना गप्प राहिलात तरी चालेल. घरी एकट्यानं मोठ्या प्रार्थना करायला जाऊ नका. दुष्टात्मा लागलेल्या मुलाच्या बापाचं एक वाक्य पुरे: माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत कर. तेही जमत नसेल तर मला कळवा. गुरुवारच्या वर्गात आमची एक वही आहे, तिच्यात नावं लिहितो आणि दर आठवड्याला एकेक वाचून थांबतो. नाव द्यायचं नसेल तर नुसतं अक्षर सांगा. सध्या तीन जण नुसत्या अक्षरांनीच आहेत.